शेगडी, रेंज आणि गायरान

"मामा, ग्रिल परत ऑफलाइन गेलं!"

अंगणातून भाच्याची हाक आली तेव्हा मी पडवीत पेपर वाचत बसलो होतो. ही त्या दिवसातली चौथी हाक. बहिणीचं मुळशीला एक छोटं घर आहे, धरणाच्या पाण्यापासून जरा वर, टेकडीच्या कुशीत. थंडीत आम्ही सगळे दोन दिवस तिथे जाऊन राहतो. या वेळी भाच्याने नवीन खेळणं आणलं होतं, स्मार्ट ग्रिल. म्हणजे आपल्या भाषेत झाकणाची मोठी शेगडी. आत लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जळतात, एक मळसूत्र त्या गोळ्या पुढे ढकलत राहतं, छोटा पंखा हवा देतो आणि आतलं तापमान किती ठेवायचं ते मोबाइलवरून सांगायचं. शेगडीजवळ उभं राहायला नको, डोळ्यांत धूर नको. फक्त वायफाय लागतं. आणि नेमकं तेच टिकत नव्हतं.

मी आयुष्यभर वायरी, सर्किटं आणि सोल्डरिंगच्या धुरात काढलेला माणूस. त्यामुळे घरात काही बिघडलं की "मामांना विचारा" हे ठरलेलंच. विचारलं की मी लगेच उठतो, हा माझा दोष.

पहिली अडचण सकाळीच निघाली होती. शेगडी जोडलीच जात नव्हती. कारण साधं होतं. आजकालचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि दोन्हींना एकच नाव देतात. भाच्याचा मोबाइल ५ वर जाऊन बसलेला. अशा बहुतेक यंत्रांना फक्त २.४ कळतं. दोघं एकाच नावाच्या दोन वेगळ्या खोल्यांत बसून एकमेकांना शोधत होते. राउटरमध्ये शिरून दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली, मोबाइल २.४ वर आणला, आणि शेगडी जोडली गेली. मला वाटलं, झालं काम.

पण शेगडी अंगणाच्या टोकाला ओट्यावर नेली आणि रेंज जायला लागली. ते घर जुन्या पद्धतीचं आहे, दीड फुटी काळ्या दगडाच्या भिंती. राउटर आतल्या खोलीत, कपाटाच्या मागे. शिवाय शेगडीचं सगळं अंग पोलादाचं, आणि आम्ही तिची पाठ घराकडे करून ठेवलेली! तिचं यंत्र पुढच्या बाजूला. म्हणजे तिने घराकडे पाठ फिरवून, डोक्यावर लोखंडी पातेलं घालून ऐकायचं होतं. ती फिरवली, हातभर बाजूला सरकवली. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. भिंतींवर, टाकीवर, पत्र्यावर आपटून परत आलेल्या लहरी एकमेकींना काही जागी मारतात, काही जागी साथ देतात. त्यामुळे वीतभर सरकवल्यानेही फरक पडतो. पडलाही.

तरी मधूनच ऑफलाइन. दहा मिनिटं नीट, मग दोन मिनिटं गायब. काही नियमच कळेना.

नियम शेवटी बहिणीने सांगितला. ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "दादा, मी काही गरम करायला लावलं की तुमचं ते बंद पडतंय बघ."

मायक्रोवेव्ह! राउटर आणि अंगण यांच्या अगदी मधोमध. चौथ्या हाकेच्या वेळी त्यात भात गरम होत होता.

इथे मला हसू आलं. कारण एक चूल दुसऱ्या चुलीचं बोलणं बंद पाडत होती, आणि या भांडणाचा इतिहास मला माहीत होता.

*

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी फार मोठ्या प्रमाणावर बनली. ती बनवणाऱ्या रेथिऑन या अमेरिकन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनीअर होता. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना खिशातला खाऊ वितळला, आणि त्यातून त्याला अन्न शिजवायची कल्पना सुचली, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १९४५ सालची. पुढे १९४७ मध्ये अटलांटिक सिटीला जगभरच्या देशांची परिषद भरली. कुठली लहर कोणी वापरायची याची वाटणी तिथे झाली. त्या वाटणीत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा बाजूला काढला गेला, तो उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी. म्हणजे बोलण्यासाठी नव्हे, तापवण्यासाठी. तिथे बोलायला गेलात आणि आवाज आला, तर तक्रार करायची नाही, असा एकूण मामला.

(पाण्याचा रेणू नेमका याच वारंवारतेला थरथरतो म्हणून ती निवडली, असं आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. पाणी त्याच्या आसपासच्या बऱ्याच लहरी शोषतं. हा पट्टा ठरला तो वाटणीच्या सोयीने.)

गावात एक जमीन असते, कोणाच्याच नावावर नसलेली. पीक येत नाही, म्हणून कोणी भांडत नाही. गुरं चरतात, पोरं खेळतात, लग्नाचा मांडव पडतो. गायरान. २.४ हा पट्टा असाच आकाशातला गायरान होता. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की या पडीक पट्ट्यांत हळू आवाजात, ठरावीक पद्धतीने कोणीही विनापरवाना बोलावं. नंतर १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं, १९९९ मध्ये वायफाय हे नाव आलं. ज्या जमिनीची कोणाला किंमत नव्हती, तिथेच सगळ्यात मोठी जत्रा भरली.

गायरानाचे फायदे तसे तोटेही. तिथे सगळेच येतात. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवर पाहिलं, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतात. त्यात ब्लूटूथ, वायरलेस माउस, कुणाचा दारावरचा कॅमेरा. तरी हे चालतं, कारण वायफायची यंत्रं बोलण्याआधी ऐकतात. कोणी बोलत असेल तर थांबतात, थोडा वेळ मोजतात, मग बोलतात. नळावरच्या रांगेपेक्षा शहाणी आहेत म्हणायची. मायक्रोवेव्हला मात्र हा शिष्टाचार नाही. तो ऐकत नाही, नुसता ओरडतो. पण जागा मुळात त्याची. आपण त्याच्या अंगणात खेळायला आलेले.

*

आपल्याकडे मात्र हवा कधीच गायरान नव्हती. १८८५ च्या तार कायद्याने संदेश पाठवण्याचा हक्क सरकारचा झाला. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने तर बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागू लागला. माझ्या पिढीला आठवत असेल, घरातल्या रेडिओचं पुस्तक असायचं आणि त्याची फी पोस्टात जाऊन भरायची. गाणी ऐकण्यासाठी परवाना! १९८० च्या दशकात तो प्रकार संपला.

मग १९९५ मध्ये एक निकाल लागला. क्रिकेटचे सामने दूरचित्रवाणीवर कोणी दाखवायचे, यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत (आपले, मराठी) त्या पीठावर होते आणि मुख्य निकाल त्यांचा होता. न्यायालयाने म्हटलं की या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारच्या मालकीची नव्हे आणि पैसेवाल्यांचीही नव्हे. त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा. वाद क्रिकेटचा, पण निकाल गायरानाचा लागला म्हणा ना.

जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून २.४ चा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला बराच मोठा भाग उघड्यावर वापरायलाही मोकळा झाला. आणि २०२३ मध्ये संसदेने त्या दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा केला. म्हणजे भाचा अंगणात उभा राहून शेगडीशी बिनतारी बोलत होता, ते त्याच्या आजोबांच्या तरुणपणी बेकायदा ठरलं असतं.

*

हे सगळं मी भाच्याला ऐकवत होतो (त्याला पर्याय नव्हता, शेगडी बंद होती) तेव्हा घराची राखण करणारे काका शेजारी येऊन बसले. सत्तरीचे असतील. त्यांचं घर अंगणापासून शंभरेक पावलांवर, उताराच्या बाजूला. त्यांनी मध्येच समोरच्या पाण्याकडे हात केला.

"आमचं गायरान त्या तिथं व्हतं. आजा सांगायचा. आता पाण्याखाली हाय."

मी गप्प झालो. मी आकाशातल्या गायरानाबद्दल बोलत होतो. त्यांचं गायरान खरं होतं.

मुळशीचा इतिहास शाळेत दोन ओळींत उरकतात. टाटा पॉवर कंपनी १९१९ साली स्थापन झाली. मुळा नदी अडवायची, ते पाणी पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीखाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथे वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना. त्यात मुळशी पेट्यातली ५२ गावं सापडत होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते या लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. लढा तीनेक वर्षं चालला आणि मोडला. मोडण्याची कारणं अनेक, पण त्यातलं एक आम्हा पुणेकरांना टोचणारं आहे. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला चालत होता. बापटांना पुढे सात वर्षांची शिक्षा झाली.

१९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

आता योगायोग पाहा. त्याच १९२७ साली, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. आणि त्याच सप्टेंबरात, इथून फार लांब नाही, खडकीजवळ मार्कोनी पद्धतीचं बिनतारी प्रक्षेपण केंद्र इंग्लंडशी बोलू लागलं. बीम वायरलेस म्हणत त्याला. आकाशभर लहर उधळण्याऐवजी ती एका दिशेने, झोत टाकावा तशी सोडायची. खडकीहून बोलायचं आणि ऐकायचं मात्र दौंडला. ऐकणारं केंद्र इतकं लांब का? कारण स्वतःच्याच आवाजात दुसऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही. आमचं मायक्रोवेव्ह आणि शेगडीचं भांडण तेच, फक्त सत्तर-ऐंशी किलोमीटरऐवजी दहा फुटांत.

म्हणजे एकाच वर्षी या जिल्ह्यातून दोन अदृश्य गोष्टी बाहेर निघाल्या. मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला गेली आणि खडकीहून व्यापाऱ्यांचे, सरकारचे संदेश लंडनला गेले. त्या बीम सेवेचा वारसा पुढे १९४७ मध्ये सरकारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे, १९८६ मध्ये विदेश संचार निगमकडे आला, आणि २००२ मध्ये तो निगम टाटांनी घेतला. पाणी आणि लहर, दोन्ही शेवटी एकाच घराण्याकडे. यात कुणावर ठपका नाही. इतिहास कधीकधी असा वळसा घेतो, एवढंच.

मी काकांना विचारलं, "तुमच्याकडे वीज कधी आली?"

"मी मोठा झाल्यावर. लहान व्हतो तवा कंदील. पाणी आमच्या दारात, दिवा मुंबईला."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. आज पाऊस नाही असं म्हणावं तसं म्हटलं.

*

असो. शेगडीकडे वळू.

राउटरचं चॅनल आपोआप ठरत होतं आणि ते नेमकं मायक्रोवेव्हच्या जवळ जाऊन बसलेलं. ते हाताने १ वर आणलं, म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झवर. मायक्रोवेव्हचा गोंगाट २४५० च्या आसपास आणि वर जास्त असतो, तेव्हा तेवढंच अंतर पडलं. निम्मा त्रास गेला. पण दगडी भिंत काही चॅनल बदलून पातळ होत नाही. मग खरा उपाय केला. पुढच्या आठवड्यात पुण्याहून बाहेर लावायचं, पावसात टिकणारं एक यंत्र आणलं आणि आतल्या राउटरपासून केबल ओढून ते वळचणीखाली, अंगणाच्या कोपऱ्यावर लावलं. बिनतारीची अडचण शेवटी तारेनेच सुटते, हे माझं आयुष्यभराचं ज्ञान. भिंत ओलांडायचं काम तारेला द्यावं, अंगण ओलांडायचं लहरीला.

शेगडी जोडली गेली ती गेलीच. मायक्रोवेव्ह लावा, झाकण लावा, काही करा. भाचा खूश. भिंतीबाहेर रेंज कुठवर जाते ते बघायला मी मोबाइल हातात धरून उताराने चालत गेलो. वीस पावलं, पूर्ण रेंज. पन्नास पावलं, ठीक. शंभर पावलांवर काकांचं अंगण आलं. तिथे दोन कांड्या.

पायरीवर त्यांची नात बसली होती. बारावीत आहे. तिने विचारलं, "काका, वायफाय इथपर्यंत येतं का आता?" आणि मग लगेच, "म्हणजे, असंच विचारलं." तिच्या मोबाइलला त्या खळग्यात रेंज नसते. परीक्षेचा फॉर्म भरायचा असो की व्हिडिओ बघायचा असो, ती वरच्या रस्त्यापर्यंत चढून जाते. हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षं मी त्या घरी जातोय.

परत येऊन भाच्याला म्हणालो, पासवर्ड त्यांना देऊ या. तो वाईट मुलगा नाही. पण त्याने लगेच तांत्रिक कारण काढलं. "मामा, लोड येईल. तिने व्हिडिओ लावले की ग्रिल परत जाईल. आणि सिक्युरिटीचं काय?"

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला ते पटलं. चार दिवस खपून मी ती रेंज सरळ केली होती. माझं ते काम बिघडावं असं मलाही वाटत नव्हतं. मग लक्षात आलं की मी नेमकं काय म्हणतोय. लहर त्या माणसाच्या घरावरून जात होती. त्याच्या पत्र्यावर आपटून परत येत होती. आणि तिचा उपयोग कशासाठी, तर आम्ही पुण्याहून येऊन महिन्यातून दोन दिवस कोंबडी भाजतो त्यासाठी. उरलेले अठ्ठावीस दिवस ती बंद घराच्या अंगणात नुसती सांडत राहणार. पाणी दारात आणि दिवा मुंबईला, ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून नुकती ऐकली होती.

प्रमाण वेगळं आहे, मान्य. कुणाचं गाव बुडालं, कुणाला पासवर्ड मिळाला नाही, या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत. पण ५२ गावांचा निर्णय मी करणार नव्हतो. या पासवर्डचा निर्णय मात्र आमच्या हातात होता.

तांत्रिक कारणाला तांत्रिक उत्तर असतं. त्या यंत्रावर पाहुण्यांसाठी वेगळं नाव काढता येतं. तिथून इंटरनेट मिळतं, पण घरातल्या यंत्रांपर्यंत, म्हणजे शेगडीपर्यंत, कोणी पोचत नाही. तेच ५ गिगाहर्ट्झवरही चालू करता येतं. आणि शेगडीला लागतं किती? दर थोड्या वेळाने 'तापमान एवढं आहे' एवढं सांगण्यापुरतं. एका व्हिडिओच्या मानाने ते म्हणजे नदीतली ओंजळ. भाच्याने ऐकलं, खांदे उडवले आणि दहा मिनिटांत करून टाकलं. इतकंच काम होतं.

रात्री कोंबडी भाजली. ॲप म्हणालं अजून आठ मिनिटं. काकांनी झाकण उघडायला लावून काडीने टोचून पाहिलं, म्हणाले, "झालं की!" भाच्याने ॲपची आठ मिनिटं पूर्ण केली. जरा कोरडी झाली, पण कोणी बोललं नाही.

मधे एकदा शेगडी ऑफलाइन गेली. नातीने काही लावलं असेल, किंवा मायक्रोवेव्ह असेल, किंवा नुसतंच. भाच्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांब. गायरान आहे. आपली पाळी येईल."

मिनिटाभरात आली.

तुमच्याकडे असलं काही बंद पडत असेल तर क्रम असा: आधी २.४ चं नाव वेगळं करा, मग पोलादाची पाठ फिरवा, मग मायक्रोवेव्ह कुठे आहे ते बघा, मग चॅनल बदला, आणि शेवटी भिंतीपलीकडे तार न्या. एवढं झालं की मोबाइल हातात घेऊन रेंज संपेपर्यंत चालत जा. वाटेत कोणाचं घर लागतं तेही पाहा.

पासवर्ड काय ठेवलाय ते इथे लिहीत नाही. काकांना विचारा.